सैतानाचा तीव्र मध्यम

अनोळखी अल्बम लावला की पहिला काही वेळ कान नवं ऐकतच नाही, तो ओळखीचं शोधत असतो. माझ्या कानाला आधी षड्ज ठरवायचा असतो. मग त्याला सम हवी असते. मुखडा परत कधी येतो याची तो वाट बघतो आणि नाही आला की अस्वस्थ होतो. लहानपणी तानपुऱ्याशेजारी बसून झालेली ही घडण आहे आणि मला ती फार प्रिय आहे. पण रॉक, जॅझ, चर्चच्या वळणाचं युरोपीय संगीत, इथिओपियातले वाद्यवृंद, बल्गेरियातल्या बायकांची गाणी असं जे हाती लागेल ते ऐकून त्यावर लिहायची सवय लागली, तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. आत्ता मी जे ऐकलं ते त्या अल्बममध्ये आहे, की माझ्या कानात?

परीक्षण लिहायचं तर आधी याचा निवाडा व्हायला हवा. आवडलं की नाही, हे त्यानंतर. तारे देणं तर मी कधीच सोडून दिलं. पाचपैकी साडेतीन तारे देताना आपण त्या अल्बमला कुणाशेजारी उभं करतो, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

मी पहिल्यांदा ऐकते तेव्हा अल्बमबद्दल काहीही वाचलेलं नसतं. हाताशी कागद असतो, त्यावर येईल ते टिपते. मग काही दिवस तो कागद बाजूला. नंतर वाचायचं, पुन्हा ऐकायचं, आणि दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने ऐकायचं. क्रमाचा आग्रह मी सोडत नाही. आपल्या जुन्या गवयांना अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत सव्वातीन-साडेतीन मिनिटांत राग उभा करावा लागे. १९४८ साली लाँगप्ले रेकॉर्ड आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. तेव्हापासून सुरुवात कशाने करायची, बाजू उलटण्याआधी ऐकणाऱ्याला कुठे आणून सोडायचं, शेवटी काय ठेवायचं, याचा विचार करून माणसं अल्बम रचत आली आहेत. गाणी वरखाली करून ऐकली तर तो सगळा विचार वाया जातो.

भाच्याने मला ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम दिला तेव्हा एवढंच म्हणाला, “मावशी, मधे थांबवू नकोस.” सुरुवातीला पाऊस आहे. लांबवर चर्चची घंटा वाजते, ढग गडगडतात, आणि मग गिटार येते. तीनच स्वर. खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम, म्हणजे म आणि प यांच्या मधला स्वर. त्या तिसऱ्या स्वरावर गिटार कंप घेत थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. लय इतकी विलंबित की दोन आघातांमध्ये श्वास घेऊन सोडता येतो.

माझ्या कागदावर पहिला शब्द उमटला तो ‘यमन’. त्याखाली ‘मारवा?’ आणि त्याखाली ‘दिवेलागण’. तीव्र मध्यम ऐकला की माझ्या मनात संध्याकाळ होते, त्याला माझा इलाज नाही. तेवढ्यात गाणारा आला, आणि समोर उभ्या असलेल्या काळ्या आकृतीबद्दल जिवाच्या आकांताने विचारू लागला. माझी संध्याकाळ आणि त्याचं भय एकाच स्वरावर उभं होतं.

सा आणि तीव्र म यांच्यातल्या अंतराला युरोपातल्या संगीतशास्त्रात ‘संगीतातला सैतान’ असं नाव पडलेलं आहे. चर्चने त्यावर बंदी घातली होती अशी एक कहाणीही सांगतात. तिला भक्कम आधार नाही, पण नाव मात्र टिकलं. त्यांच्या स्वरसंवादाच्या पद्धतीत हे अंतर अस्थिर मानतात, ते लगेच कुठेतरी सुटलं पाहिजे अशी अपेक्षा असते. सॅबथने ते सोडलंच नाही. बँडचा बेसवादक गीझर बटलर इंग्लिश संगीतकार गुस्टाव्ह होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला मंगळ ग्रहाचा भाग वाजवत असे आणि त्यातून गिटारवादक टोनी आयोमीला ही सुरावट सुचली, असं त्यांनीच सांगितलं आहे. हा होल्स्ट संस्कृत शिकलेला होता, ऋग्वेदातल्या सूक्तांचा अनुवाद करून त्याने त्यांना चाली लावल्या होत्या आणि सावित्रीच्या कथेवर ऑपेराही लिहिला होता. म्हणून मी लगेच सॅबथच्या गिटारीत वेदकाळ शोधायला निघाले तर ते खोटं होईल. ‘मंगळ’ हे युद्धाचं संगीत आहे, आणि ते युरोपच्याच कानासाठी लिहिलेलं आहे.

यमनातला तीव्र मध्यम एकटा नसतो. तो गंधाराकडून येतो, पंचमाकडे जातो, आणि खाली तानपुरा अखंड बोलत असतो. त्याला घर आहे, वाट आहे. सॅबथच्या गिटारीत त्याची वाट कापलेली आहे. शिवाय त्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाटलेला आहे. अॅम्प्लिफायरवर झेपेल त्याहून जास्त भार टाकला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि मूळ स्वरात नसलेले जादा स्वर तयार होतात. सा आणि प एकत्र वाजवले तर हे जादा स्वर एकमेकांत बसतात, म्हणून हेवी मेटलमध्ये सा-पची जोडी इतकी भरदार वाटते. सा आणि तीव्र म यांचे बसत नाहीत, ते एकमेकांवर घासतात. म्हणजे भयाचा काही भाग चालीत आहे आणि काही भाग वीज आणि लाऊडस्पीकर यांच्या यंत्रणेत आहे. हे कळल्यावर मी कागदावरचा ‘यमन’ खोडला नाही, पण त्याच्यापुढे ‘माझा’ असं लिहिलं.

आयोमीची गोष्ट या आवाजापासून वेगळी काढता येत नाही. बर्मिंगहॅमचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आता गिटार संपली असं धरून बसलेल्या या मुलाला कारखान्यातल्या वरिष्ठाने जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं, की हा वाजवणारा दोन बोटांनी वाजवतो. जँगोचा हात १९२८ साली आगीत भाजला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, त्यावर चामडं चढवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’मध्ये त्याने तारा आणखी उतरवल्या, बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून, आणि त्यातून आवाज खोल आणि जड झाला. नंतरच्या कितीतरी बँडनी तोच जडपणा उचलला. आपल्याकडे गवयाचा आवाज बसला आणि त्या बसलेल्या आवाजातून नवी गायकी घडली, असं आपण अभिमानाने सांगतो. इथेही तेच घडलेलं आहे. ते संगीत गोंगाट आहे म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

अल्बम १९६९च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आला. लोकांनी तो घेतला. समीक्षकांनी झोडपला. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकात लेस्टर बँग्जने लिहिताना त्याला क्रीम या बँडशेजारी उभं केलं आणि त्याहून कमअस्सल ठरवलं. बँग्ज साधा लेखक नव्हता, रॉकवर त्याच्याइतकं जीव ओतून फार थोड्यांनी लिहिलं. पण त्याच्या कानात क्रीम होतं. ब्लूजवर आधारलेली, तीन वादकांची, लांब आलापीसारखी गिटार वाजवणारी मंडळी. त्या मापाने बघितलं तर सॅबथ खरंच कमी भरतात. माझ्या मते दुसऱ्या बाजूवरची ती दहा मिनिटांहून लांब रचना आजही तशीच वाटते: गिटार पळते, पण बढत होत नाही, एक तुकडा संपतो आणि दुसरा का सुरू झाला ते कळत नाही. पहिल्या बाजूचं पहिलं गाणं मात्र क्रीमच्या मापात बसतच नाही. ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. भीती किती हळू चालू शकते, असा काहीतरी तो प्रश्न आहे.

सॅबथनंतर थोड्याच काळाने आर्वो पार्टचा ‘ताबुला रासा’ ऐकला आणि माझा कागद वेगळ्या दिशेने गेला. पार्ट एस्टोनियाचा. सोव्हिएत राजवटीत वाढलेला, आधी आधुनिक पद्धतीने लिहिणारा. १९६८नंतरची काही वर्षं त्याने फार थोडं लिहिलं आणि त्या काळात चर्चचं जुनं एकसुरी गायन अभ्यासलं. १९७६च्या सुमाराला तो पुन्हा लिहू लागला तेव्हा त्याच्याकडे नवी रीत होती. एक आवाज सप्तकाच्या पायऱ्यांवरून शेजारच्या शेजारी चालतो, दुसरा फक्त एकाच स्वरसमूहाच्या तीन स्वरांवर राहतो. बस. १९८० साली त्याने देश सोडला. १९८४ साली ईसीएम या जर्मन कंपनीने ‘ताबुला रासा’ काढला आणि त्यानेच आपल्या नव्या मालिकेची सुरुवात केली.

या अल्बमवरची दुसरी रचना बेंजामिन ब्रिटन या इंग्लिश संगीतकाराच्या स्मरणार्थ आहे. पाच-सहा मिनिटांची. सुरुवातीला घंटेचे टोले आणि मधली शांतता. मग व्हायोलिन वरच्या षड्जावरून खाली उतरू लागतात. आधी एकच स्वर. पुन्हा वरून सुरुवात करून दोन स्वर. मग तीन. शिकणारं पोर अलंकार घोकतं तसा दर वेळी एक स्वर वाढत जातो, आणि सगळा अवरोह, आरोह नाहीच. सप्तक आपल्या आसावरी थाटाचं. हेच काम पाच आवाजांत एकाच वेळी चाललेलं असतं, पण प्रत्येक खालचा आवाज वरच्याच्या निम्म्या गतीने. एक चौगुनीत, एक दुगुनीत, एक ठाय लयीत, एक त्याहून संथ, एक त्याहूनही संथ, असे सगळे एकाच जिन्यावरून उतरत आहेत. मला लयकारीची सवय आहे म्हणून हे मोजायला सोपं गेलं. मोजून झाल्यावर मात्र मोजणं सोडून द्यावं लागलं, कारण त्या उतरण्याला समच नाही. जो तो आपापल्या स्वराशी पोचतो आणि तिथे थांबून बाकीच्यांची वाट बघतो. खर्जातली वाद्यं शेवटी पोचतात.

सगळे पोचले की तो जाड, गच्च स्वर बराच वेळ टिकतो. त्या गर्दीत घंटेवर एक टोला पडतो, इतका हलका की तो पडल्याचं कळतच नाही. मग तंतुवाद्यं एकदम थांबतात आणि मागे घंटेचा नाद उरलेला असतो. सबंध रचना कोमल गंधाराची, आणि त्या उरलेल्या नादात शुद्ध गंधार ऐकू येतो. कुणी वाजवलेला नाही, घंटेच्या नादाचाच तो अंश आहे.

ज्यांनी जवारी नीट लागलेला तानपुरा ऐकला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार निघतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. आमच्या गाण्याच्या बाई तारा जुळवून झाल्या की आम्हाला गप्प बसवून तो ऐकायला लावायच्या. “गंधार आला का?” असं विचारायच्या आणि ज्याला आला त्यालाच पुढे गायला मिळायचं. पार्टच्या घंटेतला गंधार ऐकला तेव्हा मी जागची हलले नाही.

सॅबथमधल्या तीव्र मध्यमात मला दिसलेली संध्याकाळ माझी होती, माझ्या शिकण्यातून आलेली. पार्टच्या घंटेतला गंधार नुसता माझा नाही. तो धातूच्या आणि तारेच्या कंपनात असतो, एस्टोनियात असतो आणि मिरजेच्या तानपुऱ्यातही असतो. साम्यं अशी दोन जातींची असतात, आणि परीक्षण लिहिणाऱ्याला ती वेगळी करता आली पाहिजेत. तरीही ‘पार्टने तानपुरा शोधला’ असं मी लिहिणार नाही. आपल्याकडे तो गंधार गाणं सुरू होण्यासाठी लागतो. पार्टकडे तो एका माणसाच्या मरणानंतर, सगळं संपल्यावर येतो.

इथिओपियाच्या बाबतीत गाठ आणखी घट्ट होती. मुलातू अस्तात्के हा व्हायब्राफोन वाजवणारा संगीतकार वेल्स, लंडन आणि बॉस्टन इथे शिकून आला आणि आपल्या देशातल्या पाच स्वरांच्या सुरावटी जॅझच्या वाद्यवृंदात घेऊन बसला. त्याचा ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ १९७२ सालचा, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, अर्ध्या तासाच्या आतला. त्याच्यामागोमाग मी फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच माणसाने जुन्या अदिस अबाबाच्या रेकॉर्डमधून जमवलेल्या ‘एथिओपीक’ मालिकेकडे वळले. तिचा चौथा भाग मुलातूचा आहे. १९७४मध्ये लष्कराने सत्ता घेतली, रात्रीची संचारबंदी आली आणि त्या शहराचं रात्रीचं संगीत विझत गेलं. ही मालिका त्याआधीचा आवाज पुढे घेऊन आली.

तिथल्या एका प्रमुख सुरावटीला तिझिता म्हणतात. तिच्या एका रूपाचे स्वर आहेत सा रे ग प ध. माझा कान ‘भूप!’ म्हणून उडालाच. तिथल्याच आंबासेल नावाच्या सुरावटीचे स्वर सा, कोमल रे, म, प, कोमल ध. म्हणजे गुणक्री. अशी जुळणी सापडली की फार आनंद होतो आणि माणूस तिथेच रमतो. आपल्याकडे जागतिक संगीतावर जे लिहिलं जातं त्यातलं पुष्कळसं या आनंदापाशीच संपतं: हा तर आपला भूप, ही तर आपली भैरवी, म्हणजे सगळं एकच.

पण आपल्याच परंपरेने याचं उत्तर देऊन ठेवलेलं आहे. भूप आणि देशकार. दोघांचे स्वर तेच पाच. भूपात गंधारावर घर आहे, देशकार धैवतावर आणि वरच्या अंगात राहतो. एक संध्याकाळी गातात, एक सकाळी. भूप गाता गाता धैवतावर जरा जास्त रेंगाळलं की बाई हात वर करून थांबवायच्या. स्वर तेच असून राग वेगळा, हे आपल्याला दहाव्या-बाराव्या वर्षी शिकवलं जातं. मग अदिस अबाबातल्या माणसाने त्या पाच स्वरांवर काय केलं, कुठे घर केलं, हे विचारायची जबाबदारी इतरांपेक्षा आपल्यावर जास्त आहे. तिझितामध्ये स्वर फार लवकर वळतात, शेवट मींडेत विरघळतो, सॅक्सोफोनवाला एका स्वराला खालून ढकलत ढकलत वर आणतो. खाली बेस गिटार तोच एक तुकडा फिरवत राहते, त्यात ठेक्याचा आणि सुराचा फरक उरत नाही. भूपातली प्रशस्तता इथे नाही. इथे मागे वळून बघणं आहे, आणि ते सतत आहे.

उलटा प्रवासही होतो. चरणजित सिंग हे मुंबईचे वादक, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम करणारे. १९८२ साली एचएमव्हीने त्यांचा एक अल्बम काढला, नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी, दहा राग, तीन यंत्रं. रोलंडचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. अल्बम चालला नाही. वीस वर्षांनी एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती त्याची प्रत लागली आणि २०१० साली त्याने तो पुन्हा काढला. तेव्हा युरोपातले नृत्यसंगीताचे जाणकार चक्रावले. शिकागोतून १९८७ साली अॅसिड हाउस म्हणून जो आवाज जगभर गेला, तो याच ३०३ यंत्राचा, आणि इथे मुंबईतला एक वादक पाच वर्षं आधी त्यावर भैरव वाजवून बसलेला. काहींना तर हा कुणीतरी मागाहून रचलेला बनाव वाटला.

मी तो ऐकला तेव्हा माझी अडचण अगदी उलट होती. मला त्यात फक्त राग ऐकू येत होते आणि रागाच्या मापाने ते बेताचे होते. तोडीचा गंधार यंत्रात लागायचा तसाच लागतो, पायरीवर ठेवलेला, तोडीत हवा तेवढा उतरलेला नाही. ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. पण पुन्हा ऐकताना रागाकडे बघणं मी सोडलं आणि खालच्या बेसकडे लक्ष दिलं. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. ते यंत्र बेस गिटारची नक्कल करायला बनवलं होतं आणि ती नक्कल त्याला जमली नाही. ती घसरण मात्र मींडेच्या जवळ गेली. सिंग यांच्या हातात ते आलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडून गिटारची अपेक्षा केली नाही. कलावती आणि बैरागी ऐका. राग कमी स्वरांचा असला की यंत्राला मोकळी जागा मिळते आणि एक अथक, चमकदार चालणं सुरू होतं. अॅसिड हाउसवाल्यांना राग ऐकू आले नाहीत, मला आधी बेस ऐकू आला नाही. त्या अल्बममध्ये दोन्ही आहेत, पण पूर्ण ऐकायला दोन घडणींचे कान लागतात.

आपलं गाणं परक्यांच्या कानावर पडतं तेव्हा काय होत असेल, याचा मी वारंवार विचार करते. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर जगभरातल्या २७ रचना आहेत. बाख आहे, चक बेरी आहे, जावातलं गामेलान आहे, बल्गेरियाची वाल्या बाल्कान्स्का आहे, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं ‘जात कहाँ हो’ घेऊन. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येला ध्वनिमुद्रणाची फारशी आवड नव्हती, त्यामुळे मागे राहिलेल्या रेकॉर्ड थोड्या. निवड करणाऱ्यांपर्यंत हे नाव पोचवलं रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने. त्या तबकडीचाच विचार केला तर बाखनंतर केसरबाई ऐकणाऱ्या परक्या माणसाला तिथे एकमेकांत गुंफलेले आवाज मिळणार नाहीत, पुढे कुठे जायचं ते सांगणारे स्वरसमूह मिळणार नाहीत. त्याने जर ‘एकच सूर, एकच बाई, पुढे काही घडतच नाही’ असं लिहिलं तर आपल्याला राग येईल. तो राग योग्यच असेल. मग सॅबथबद्दल, ३०३बद्दल आपण तसंच लिहितो तेव्हाही तो यायला हवा.

सध्या माझ्याकडे बल्गेरियातल्या बायकांच्या गायनाचा अल्बम सुरू आहे. मार्सेल सेलिए या स्विस माणसाने १९७५ साली आपल्याच छोट्या कंपनीतर्फे काढलेला ‘ल मिस्तेर दे व्वा ब्युल्गार’. १९८६ साली ब्रिटनच्या ४एडी कंपनीने तो पुन्हा काढला आणि रॉक ऐकणाऱ्या पोरांनी तो डोक्यावर घेतला. पुढे त्याच्या दुसऱ्या भागाला ग्रॅमी मिळालं. खेड्यातली गाणी, पण फिलिप कुतेव्हसारख्या संगीतकारांनी सरकारी गायकवृंदांसाठी बांधलेली. आवाज छातीतून, सरळ, कंपाशिवाय, उन्हासारखे.

तालाच्या बाजूने मी तिथे निर्धास्त आहे. त्यांच्या नाचाच्या गाण्यांत सात मात्रा असतात, अकरा असतात, पाश्चात्त्य ऐकणारे त्यात गोंधळतात. आपण रूपकावर वाढलेली माणसं. फक्त रूपकात तीन आधी आणि दोन-दोन नंतर, त्यांच्या रचेनित्सा नावाच्या नाचात दोन-दोन आधी आणि तीन शेवटी, आणि हे सगळं अशा लयीत की मात्रा मोजायला जावं तर आवर्तन हातातून गेलेलं असतं. पायांनीच ते कळतं. मी उभी राहून ऐकते.

अडते ती सुरापाशी. यातल्या बऱ्याच गाण्यांत एक बाई षड्ज धरून असते आणि दुसरी अगदी लगतच्या स्वरावर येऊन थांबते. सा आणि रे, एकाच वेळी, पूर्ण ताकदीने. दोन जवळचे स्वर एकत्र आले की मधे थरथर उमटते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना आपण नेमकी हीच थरथर ऐकतो आणि ती संपेपर्यंत मणी सरकवत राहतो. ती संपली की जोड लागली. म्हणजे माझ्या कानाला सगळ्यात आधी जे शिकवलं गेलं ते हेच, की ही थरथर म्हणजे बेसूर. आणि पश्चिम बल्गेरियातल्या गावांत या बायका ती थरथर मुद्दाम, नेमकी आणि सारख्या वेगाने आणतात. दोन आवाज घंटेसारखे वाजले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे ती नीट आली नाही तर गाणं बिघडलं.

यावर मी अजून परीक्षण लिहिलेलं नाही. पहिल्या कागदावर ‘सूर लागत नाही’ असं लिहिलं आहे आणि तो कागद ठेवून दिला आहे. आता ऐकते तेव्हा षड्जाकडे लक्ष न देता त्या मधल्या थरथरीकडे देते, तिचा वेग मोजायचा प्रयत्न करते. ‘पिलेंत्से पे’ या पहिल्याच गाण्यात तो वेग थोडा थोडा पकडता येऊ लागला आहे. दुसऱ्या बाजूवर अजून पकडता येत नाही, म्हणून या आठवड्यात तीच बाजू लावते आहे.